हौजमहालातला खलबतखाना

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

महत्त्वाच्या कामाची फाइल असावी, असं मी पाटबंधारे खात्यात जन्मभर सांगत आलो. अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यापासून माझ्या हातात कोणी फाइल देत नाही, म्हणून ही डायरी. विषय: मनूचं लग्न.

मनू म्हणजे मनस्विनी, आमची एकुलती एक. जुन्या इमारती दुरुस्त करणारी आर्किटेक्ट आहे. सध्या आमच्याच शहरात, दिल्ली गेटच्या अलीकडे हौजमहालात तिचं काम चालू आहे. महाल म्हणायचं ते सवयीने. वरचा राजवाडा कधीच भुईसपाट झाला, त्याच्या दगडांवर निम्म्या गल्लीची जोती उभी आहेत. उरली ती खालची तळघरं. उन्हाळ्यात शाही मंडळी तिथे उतरून राहायची, भिंतीच्या कडेने नहरीचं पाणी खेळवायची. मातीने बुजलेली ही तळघरं मनूच्या लोकांनी उपसून काढली. आता दर रविवारी थोड्या थोड्या लोकांना डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून खाली नेतात. माहिती मनू सांगते.

हे काम डिसेंबरात संपतंय. पुढे तिला जैसलमेरच्या एका किल्ल्याचं काम आलंय, तेही तीन वर्षांचं. पंधरा डिसेंबरपर्यंत होय की नाही ते कळवायचं आहे. काल जेवताना मी विचारलं, "मग, जाणार?"

"थांबायला कारण असलं तर थांबेन," म्हणाली.

कारण म्हणजे नवरा, हे समजायला अधीक्षक असावं लागत नाही. अडचण एवढीच की मनू बघण्याच्या कार्यक्रमाला बसत नाही. "पोह्यांची बशी घेऊन मी कुणासमोर येणार नाही," हे तिचं जुनं वाक्य. म्हणून मी योजना केली आहे. मुलाकडच्या मंडळींनी रविवारी पर्यटक म्हणून यायचं. मुलगी बघायची, महालही बघायचा. मनूला पत्ता लागणार नाही, आणि पोहेही नकोत.

मीनाक्षीला योजना सांगितली. "करा काय करायचं ते," म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. म्हणजे घरातून मंजुरी मिळाली.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज स्वतः जागेची पाहणी केली. पायऱ्या उतरलं की एक चौकोनी दालन लागतं, तिथे हेल्मेटं वाटतात. या दालनाच्या भिंतीत कानाच्या उंचीवर हवेसाठी एक झरोका आहे. त्याला नवा चुना केलाय, टेकलं की पांढरं लागतं. पुढे ओवऱ्या, मग कोरडा हौद, आणि वळसा घालून आणखी खाली उतरलं की शेवटची खोली. दगडी बाक, कोनाडे, मे महिन्यातही शाल घ्यावी असा गारवा. कोनाड्यातून वर गेलेलं एक भोक आहे, ते धुरासाठी असावं.

मी पाहताक्षणी ओळखलं की हा खलबतखाना. राजा वजिराला इथेच बोलावत असणार, कारण एक शब्द बाहेर जायचा नाही. मनूचं म्हणणं, ही खरबुजं गार ठेवायची खोली असावी. शिकलेल्या मुलांना इतिहासाची दृष्टी नसते.

खाली पाणी झिरपतं. पंप, दिवे, तारा हे सगळं इंद्रजीत नावाचा इंजिनिअर बघतो. लासूर स्टेशनचा आहे. घरची शेती, शिवाय वडिलांची मार्केट यार्डात आडत. मुलगा सोन्यासारखा. "काका, डोकं जपा," म्हणत हात धरून मला खाली नेलं. मनूचा चहा बिनसाखरेचा, दुपारचं ऊन लागलं की तिचं डोकं दुखतं, हेसुद्धा त्याला ठाऊक आहे. असे सहकारी मिळायला भाग्य लागतं. मी त्याला विश्वासात घेऊन योजना सांगितली आणि म्हटलं, आमच्यातला एखादा चांगला मुलगा तुझ्या पाहण्यात असला तर सुचव.

तो बराच वेळ पंपाकडे बघत होता. मग म्हणाला, "बघतो काका." कामसू मुलगा, नजर कामावरून हलत नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली आणि पहिलं स्थळ आलं. मिहिर, पुण्याच्या संगणक कंपनीत, पण घरून काम करायची सवलत. म्हणजे इथे राहू शकतो. बरोबर आई. मनूने सगळ्यांना एकेक बॅटरी दिली होती. इतरांनी ती कमानींवर मारली, मिहिरच्या आईने मनूच्या तोंडावर. नाकीडोळी नीटस आहे, हे अंधारात ठरवायचं तर बाईने दुसरं काय करावं?

मी मायलेकांना अलगद खलबतखान्यात नेलं आणि आवाज खाली आणून सगळं नीट सांगितलं. मुलगी हुशार आहे, स्वभावाने जरा तिखट आहे, वडिलांना घाबरून असते. वय कागदावर एकतीस, पण वाटत नाही. स्वयंपाक येतो असं मी म्हणालो. शिकेल, या अर्थाने.

मग मुलामुलीला एकांत द्यायची रीत. मी मनूला म्हटलं, "यांना हौदाबद्दल काही शंका आहेत." पण अंधारात मुलीला परक्याबरोबर सोडणंही बरं दिसत नाही, म्हणून इंद्रजीतला दिवा धरून उभं केलं. त्याने तो इतक्या निष्ठेने धरला की मिहिरला डोळे उघडता येईनात.

वर आलो तर हेल्मेटाच्या दालनात थांबलेली मागची मंडळी माझ्याकडे बघून हसत होती. माझं हेल्मेट उलटं असावं.

रात्री मीनाक्षीने मनूच्या पानात ठेचा वाढला. मनू म्हणाली, "नको आई, मी मुळातच जरा तिखट आहे." मीनाक्षीला ठसका लागला. मी पाणी दिलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल तुळशीचं लग्न लावलं. अक्षता टाकताना मनूने सहज विचारलं, "बाबा, मुलगा दुसऱ्या जातीचा असला तर?"

प्रश्न चांगला होता, म्हणून मी सविस्तर उत्तर दिलं. जातपात आपण मानत नाही. खात्यात माझ्या डब्यात सगळे हात घालत. कुणीही कुणाशी लग्न करावं, माणूस बघावा. एवढं सांगून विषय संपवताना म्हटलं, "अर्थात आपल्या घरात असा प्रश्न येणार नाही."

"बरं," म्हणाली. उरलेल्या अक्षता तिने वृंदावनात ओतल्या. मला वाटतं माझे विचार तिला पटले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज फार छान दिवस गेला. सकाळी मनू म्हणाली, "बाबा, इंद्रजीतचे आईवडील लासूरहून येतायत. तुम्ही दाखवाल त्यांना महाल? तुम्ही छान सांगता." हे तिने कधी ना कधी ओळखायचंच होतं. मीनाक्षीही चांगलं पातळ नेसून बरोबर निघाली. तिला इतिहासाची आवड आहे, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

वडील आप्पासाहेब, पांढरं धोतर, आवाज पहाडी. आई साळूबाई, बोलायला मोकळी. मी त्यांना पायरी-पायरीने समजावलं. खेड्यातल्या माणसांना इमारतीपेक्षा माणसाचं कुतूहल जास्त असतं. मी कमानीबद्दल बोलावं आणि आप्पासाहेबांनी विचारावं, "तुमचं मूळ गाव कंचं?" मी म्हटलं, पाथ्री. "भाऊ किती? येणंजाणं हाय का?" आहे म्हटलं. हौदापाशी विचारलं, "राग लई येतो का तुमाला?" मी म्हटलं, अन्यायाचाच येतो. ते मान हलवून पुढे सरकले. साळूबाई मनूच्या मागे मागे होत्या. "पोरी, दिसभर या गारठ्यात ऱ्हातीस व्हय? अंगावर काय तरी घेत जा," म्हणत त्यांनी आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि परत मागितली नाही.

खलबतखान्यात मी त्यांना माझा सिद्धान्त सांगितला. आप्पासाहेबांनी कोनाड्यात हात घालून बघितला. "खरबुजं ठिवत आसतील," म्हणाले. मी वाद घातला नाही.

वर लिंबाखाली त्यांनी सतरंजी टाकली आणि डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. मी मांडी घालून बसलो आणि धपाटा पुन्हा मागून घेतला. निघताना साळूबाईंनी मीनाक्षीची ओटी भरली, मग मनूची. इथून ते वेरूळला घृष्णेश्वराला जाणार होते, त्यासाठी आणलेले खण-नारळ जास्त झाले असतील. आप्पासाहेब माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "येतो आमी. एकदा बसून बोलू." खेड्यात अजून अशी अगत्याची रीत आहे. शहरात ती राहिली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिहिरच्या आईचा फोन. होकार. फक्त लग्नानंतर मातीत उतरायचं काम बंद करावं.

मी मनूला सगळं उघड सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं, पण तिने तो दाखवला नाही. "नाही," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, कारण दे. म्हणाली, "दिलं तर चालेल तुम्हाला?" मी म्हटलं, अर्थात. ती उठून गेली. मी मीनाक्षीला म्हटलं, ही मुलगी जैसलमेरला जाणार आणि वाळूत म्हातारी होणार. मीनाक्षी म्हणाली, "तुम्ही एखाद्या रविवारी नुसतं ऐकून बघा, न बोलता." तिच्या बोलण्यात कधी कधी संगती नसते.

७ डिसेंबर, रविवार

गुडघा धरला होता, पण परभणीच्या एका डेंटिस्टची आई येणार होती म्हणून गेलो. तिचं आयत्या वेळी रद्द झालं. मनू म्हणाली, "आता आलाच आहात तर उतरू नका. इथे बसा," आणि हेल्मेटाच्या दालनात झरोक्याला लागून खुर्ची मांडून दिली. "गार वारा येतो, टेकून बसा." मग ती इंद्रजीतला घेऊन पंप बघायला खाली गेली. लोक यायला वेळ होता. मी टेकलो, आणि मनू माझ्या कानात बोलायला लागली.

"तुझे आबा शेवटी काय म्हणाले?"

इंद्रजीतचा आवाज: "आधी नकोच म्हणत होते. बामणाची पोरगी आपल्या घरात कशी निभंल, तिचा बाप आपल्याला दारात तरी उभा करील का, हेच घोकत होते. म्हणून तर माणूस बघायला आले. आता म्हणतात, माणूस बोलतो लई, पण आपल्या सतरंजीवर बसला, मागून घेऊन जेवला. घर चांगलं हाय."

"म्हणजे बाबा पास झाले."

"काठावर."

मनू हसली. मग म्हणाली, "इंदर, त्यांना दुखवून मी लग्न करणार नाही. रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करणं मला जमायचं नाही. ते नाही म्हणाले तर मी जैसलमेरला जाईन, आणि तू माझी वाट बघायची नाहीस. त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटतं. पण ते त्यांनी आपणहून म्हणायला पाहिजे."

एरवी ही मुलगी तोंडातल्या तोंडात बोलते. आज सभेत बोलल्यासारखा एकेक शब्द सुटा होता.

थोड्या वेळाने लोक आले. मनूने सांगितलेल्या माहितीत मला एक नवी गोष्ट कळली: खालच्या खोलीत कुजबुजलं तरी झरोक्यातून या दालनात स्पष्ट ऐकू येतं, वरचं मात्र खाली जात नाही. म्हणजे ऑक्टोबरपासून मी खलबतखान्यात जे जे बोललो ते हेल्मेट घालणाऱ्या प्रत्येकाने ऐकलं आहे. मिहिरची आई जे बोलली, तेही.

एका गोष्टीचं समाधान आहे. मी योगायोगाने तिथे बसलो होतो, हे मनूला माहीत नाही. कळलं असतं तर बिचारी संकोचली असती. घरी आल्यावर मीनाक्षीने माझ्या कानाला लागलेला चुना पदराने पुसला आणि काहीच विचारलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मीनाक्षीला सगळं माहीत आहे, आणि तेही पहिल्यापासून. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगत होतात." मग म्हणाली, "साळूबाईंनी ओटीत घातलेला नारळ देव्हाऱ्यात ठेवलाय. तुम्ही रोज त्याला हात जोडता."

आज सकाळी जोडले नाहीत. पूजा मात्र केली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस मी रागात आहे आणि राग नेमका कशाचा, हे ठरत नाही.

मनूने लपवलं याचा म्हणावा, तर लपवाछपवी मीच सुरू केली. मुलाचा म्हणावा, तर डेंटिस्ट, मिहिर आणि तो, तिघांना ओळीने उभं केलं तर मी कुणाचा हात धरून ती पायरी उतरेन, हे मला माहीत आहे. आप्पासाहेबांचा मात्र येतो. मी मुलं तपासत होतो आणि हा गृहस्थ मला तपासून गेला. भाऊ किती, राग येतो का, सगळं विचारलं, आणि मी शाळकरी मुलासारखी उत्तरं दिली. पोह्यांची बशी घेऊन जायला मनू तयार नव्हती, ती मी घेऊन गेलो. आणि काठावर पास. त्यांच्यात माझ्याबद्दल शंका होती, माझ्याबद्दल, ज्याच्या डब्यात सगळे हात घालायचे.

जातपात मी मानत नाही, असं मागे लिहिलंय. मानतो असं दिसतं. इतकी वर्षं कुणी हिशेब मागितलाच नाही, त्यामुळे पोटात काय आहे ते मलाही कळलं नव्हतं. पाथ्रीचे भाऊ काय म्हणतील, हे मनात पहिल्यांदा आलं, मनू काय म्हणेल हे नंतर. त्याची लाज वाटते.

संध्याकाळी दारात मनूच्या बुटांचा आवाज येतो, बूट आपटून ती माती झाडते. मीनाक्षी रोज ओरडते. तो आवाज तीन वर्षं येणार नाही म्हटलं की मला जेवण जात नाही.

आज नाश्त्याला सांगायचंच असं ठरवलं होतं. मनू समोर बसली. मी म्हटलं, "मनू." ती म्हणाली, "काय बाबा?" मी म्हटलं, "मीठ दे." जन्मभर वरिष्ठांकडे टिपणी पाठवून काम केलं, तोंडी मंजुरी द्यायची सवय नाही.

पण आता उपाय सुचला आहे. खलबतखान्याचा खरा उपयोग करायचा.

१४ डिसेंबर, रविवार

आज मनूच्या हाताखालची शेवटची फेरी. उद्या जैसलमेरला कळवायचं होतं. आप्पासाहेब आणि साळूबाई हुरड्याची पिशवी घेऊन आले होते. मी नमस्कार केला, त्यांनी केला.

मनू हेल्मेटाच्या दालनात लोकांना माहिती सांगत झरोक्यापाशी उभी आहे, हे बघून घेतलं आणि मी एकटाच खाली गेलो. गुडघा कुरकुरत होता. बाकावर बसलो, तोंड कोनाड्याकडे केलं आणि घसा साफ केला.

"मी, व्यंकटराव पाथ्रीकर, इंद्रजीत या स्थळास संमती देत आहे. सदर संमती कुणाच्याही दबावाखाली दिलेली नाही."

एवढंच ठरवलं होतं. पण त्या गारठ्यात आपलाच आवाज ऐकला की माणूस वाहवत जातो. मी म्हटलं, "मनू, जाऊ नकोस गं. मुलगा चांगला आहे, मला आवडतो. मी उगाच वेळ लावला. आणि तुझ्याबद्दल तिखट म्हणालो ते मागे घेतो."

वर आलो. दालनातली सगळी पिवळी हेल्मेटं माझ्याकडे वळली होती. मीनाक्षी डोळे पुसत होती. जालन्याच्या एका अनोळखी गृहस्थाने पुढे येऊन माझा हात हलवला. साळूबाई म्हणाल्या, "आयकलं बरं का आमी समदं." आप्पासाहेब नुसते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लागेल इतके.

मनू मात्र लांब पायऱ्यांपाशी पाठमोरी होती. पंपाची वायर गुंडाळत होती, आणि इंद्रजीत तिच्या शेजारी दुसरं टोक धरून.

मी म्हटलं, "मनू, ऐकलंस?"

"काय बाबा?" ती वळली. "मी इकडे होते. मला काहीच ऐकू आलं नाही."

आली का पंचाईत. इतकी माणसं, आणि जिच्यासाठी बोललो ती सोडून सगळ्यांनी ऐकलेलं. सगळे वाट बघत होते. वायर गुंडाळायची थांबली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वरून उजेड येत होता, कोनाडा नव्हता, कुठे बघावं कळेना, तेव्हा तिच्याकडेच बघितलं आणि म्हणालो, "माझा होकार आहे."

"हं? जरा मोठ्याने."

"माझा होकार आहे," मी ओरडलो. तो आवाज ओवऱ्यांतून हौदापर्यंत जाऊन परत आला. मनूने वायर टाकली आणि मला मिठी मारली. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. इंद्रजीत पाया पडायला वाकला, त्याला मी म्हटलं, "डोकं जप."

मग हुरडा झाला, लिंबाखालच्या त्याच सतरंजीवर. जैसलमेरला मनूने तिथूनच नाही म्हणून कळवलं. आप्पासाहेबांनी मला विचारलं, "खोली खरबुजाचीच का वो?" मी म्हटलं, असेल.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. मनूच्या उजव्या कानाला, अगदी गालापर्यंत, चुना लागला होता. मी रुमालाने पुसला. कामाच्या नादात पोरीला कशाचं भान राहत नाही. पण दालनात बोललेलं इतक्या जवळून ऐकू येत नाही म्हणजे काय? लग्नाआधी तिचे कान एकदा दाखवून घ्यायला हवेत.